संभाव्य उगम

धारमापकाचा दिवा रंग दाखवायला सात सेकंद घेतो. तेवढा वेळ तो नुसता पांढरा असतो. मल्लिनाथ बिराजदारने त्या सकाळीही मनातल्या मनात सात मोजले. दिवा हिरवा लागला. मूत्रमार्गाच्या टोकाशी होणारी आग होती तशीच राहिली.

आग सुरू झाल्यापासून सकाळचा हा त्याचा चारशे एकतिसावा हिरवा दिवा होता. सोलापूरच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यशाळेत तो मीटर तपासायचा. आकडे मोजणं ही त्याची सवय होती आणि पोटापाण्याचा धंदाही.

धारमापक आता प्रत्येक घराच्या आणि कामाच्या जागेच्या संडासात असतो. बारा वर्षांपूर्वी परमा या जुन्या गुप्तरोगाने औषधांना दाद देणं बंद केलं. शरीरसंबंधातून पसरणारा, लघवीला आग आणि पू आणणारा हा आजार आधी एका इंजेक्शनने बरा व्हायचा. जंतू बदलला आणि इंजेक्शन निकामी झालं. नवं औषध हाती येईपर्यंत पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत हजारो जोडपी मुलाबाळांना मुकली, आणि जन्मताच डोळे गमावलेल्या मुलांची वेगळी शाळा काढावी लागली. मग कायदा आला. भांड्याला बसवलेलं बोटाएवढं यंत्र लघवीचे पहिले काही थेंब घेतं आणि त्यात तेवीस रोगांच्या जंतूंचे जनुकीय तुकडे शोधतं. काही नसेल तर हिरवा. शंका असेल तर केशरी, आणि मग नमुना प्रयोगशाळेत जातो. खात्री झाली की लाल. लाल दिवा लागल्यावर तासाभरात त्या माणसाच्या जोडीदाराला ‘सहवासी सूचना’ जाते आणि आरोग्यवहीत कायमची नोंद होते.

रोग आटोक्यात आला. यंत्र सहसा चुकत नव्हतं, त्यामुळे हिरवा म्हणजे काही नाही हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं. हिरवा दिवा लागूनही ज्याला दुखतं, त्या माणसाचं काय करायचं हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

मल्लिनाथला दुखत होतं. लघवीनंतर तासभर आग व्हायची. डाव्या वृषणात कुणीतरी हलकेच चिमटा धरून ठेवल्यासारखी कळ असायची. सर्वांत वाईट म्हणजे दिवसातून दहा-बारा वेळा त्याला वाटायचं की थेंब गळला आहे, चड्डी ओली झाली आहे. तो जाऊन बघायचा. कोरडी असायची.

“काय मालक, परत?” शेजारच्या टेबलावरचा येणगुरे ओरडायचा. “आख्ख्या शहराचं लिकेज शोधता, आणि सोताची लाइन गळायली!”

कार्यशाळा हसायची. मल्लिनाथही हसायचा आणि दार लावून घ्यायचा.

सात डॉक्टर झाले होते. दोघांनी नसलेल्या जंतूवर गोळ्या दिल्या, त्याने पोट बिघडलं. एकाने सैल सुती कपडे घालायला सांगितलं. एकाने प्रोस्टेट तपासली आणि ती उत्तम असल्याबद्दल अभिनंदन केलं. शेवटच्याने चष्मा काढून विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना?”

घरी ठीक नव्हतं, पण ते दुखण्यामुळे. सुकन्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल हवं असं दोघांनी ठरवलं आणि त्यानंतर दोनच महिन्यांत हे सुरू झालं. संबंधानंतर त्याला दोन दिवस बसता यायचं नाही. तो टाळायला लागला. तिने वर्षभर काही विचारलं नाही. मग एका रविवारी चहा पिताना म्हणाली, “एकदा खरं सांगून टाक. माझा कंटाळा आला असेल तर तेही चालेल. हे दुखणं मध्ये आणू नको.”

त्याच आठवड्यात तो होटगी रस्त्यावरच्या चेतासंशोधन केंद्रात गेला.

डॉ. नाझनीन इनामदारांनी त्याला पालथं झोपवून कमरेखाली चोवीस तारा चिकटवल्या, तासभर पडद्याकडे पाहिलं आणि मग खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“तुम्हाला दुखतंय,” त्या म्हणाल्या.

चौदा महिन्यांत हे वाक्य त्याला कुणी ऐकवलं नव्हतं.

“मणक्याच्या तळाशी चेतापेशींचा एक पुंजका असतो,” त्यांनी पडद्यावर पेन टेकवलं. “मूत्रमार्ग, वृषणं, तिथली कातडी, सगळ्यांचे निरोप इथून वर मेंदूकडे जातात. त्यांतल्या काही पेशी निरोप नेत नाहीत. निरोप किती मोठ्यानं द्यायचा एवढंच त्या ठरवतात. आम्ही त्यांना राखणदार चेता म्हणतो. धोका आला असं वरून कळलं की त्या आवाज वाढवतात. धोका टळला की कमी करतात. तुमच्या राखणदारांनी तो वाढवून ठेवलाय. साधी लघवी पुढे जाते आणि वर निखारा पोहोचतो.”

“पण मला धोका नाहीच. चारशे एकतीस वेळा यंत्रानं सांगितलंय.”

“तुम्हाला सांगितलंय. त्यांना कोण सांगणार? मेंदूतून खाली जी वाट येते तिच्यावरून भीती उतरते. तर्काला ती वाटच नाही. कधीतरी मोठी भीती उतरलीय. आठवतंय काही?”

मल्लिनाथला आठवत होतं. चौदा महिन्यांपूर्वी, सतरा तारखेला, दिवा केशरी लागला होता. प्रयोगशाळेचा निकाल यायला एक्केचाळीस तास लागले. निकाल असा होता की यंत्राचं शून्य घसरलं होतं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कंपनीचा माणूस येऊन यंत्र बदलून गेला. आग मात्र त्या एक्केचाळीस तासांतच सुरू झाली होती.

“म्हणजे धोका आलाच नाही,” इनामदार म्हणाल्या, “आणि आला नाही म्हणून टळलाही नाही. तुमचे राखणदार अजून त्याची वाट बघतायत. रोज सकाळी तुम्ही सात सेकंद त्यांना परत उभं करता.”

मल्लिनाथ उठून बसला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जीव आला. “मॅडम, आमच्याकडे नवीन पोरं कामाला आली की पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतो. बंद नळाला मीटर लावला आणि शून्य आलं, तर मीटर चांगला असं समजू नका. मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. मीटर खरा करायचा तर त्यातून ओळखीचं पाणी सोडावं लागतं. मोजून ठेवलेलं शंभर लिटर. तेवढं गेलं की काटा कुठे आला ते बघायचं, तिथं बसवायचा, मग पाणी बंद करून शून्य घ्यायचं. मला तुम्ही सगळे नुसतं शून्य दाखवताय.”

इनामदारांनी पेन खाली ठेवलं. “हे मला सभेत समजावून सांगायला चाळीस मिनिटं लागतात,” त्या म्हणाल्या. “आमचा उपचार हाच आहे. आम्ही ओळखीचा जंतू सोडतो.”

परम्याचाच जंतू होता, पण प्रयोगशाळेत माणसाळवलेला. तो खरी सूज आणायचा, खरा पू आणायचा, पण पाच दिवसांनी एका साध्या गोळीने मरायचा आणि दुसऱ्या शरीरात तगायचा नाही. राखणदारांना जो हल्ला हवा होता तो मिळायचा, आणि मग तो टळायचाही. सत्तर पुरुषांवर केलं होतं. एकसष्ट बरे झाले.

“अडचण एकच आहे,” त्या म्हणाल्या. “धारमापकाला हा जंतू आणि खरा जंतू यांतला फरक कळत नाही. दिवा लाल लागेल. म्हणून पाच दिवस तुम्ही इथेच राहा. आमच्या संडासात यंत्र नाही, सरकारची परवानगी आहे. कुठं काही नोंद होणार नाही.”

मल्लिनाथने मान हलवली. “नोंद नाही ते कॅलिब्रेशन नाही, मॅडम.”

“हा मीटर नाहीये, बिराजदार.”

“भीती त्या यंत्रावरून आली. त्याच यंत्रावर लाल लागून हिरवा झाला पाहिजे. नाहीतर उद्या परत सात मोजताना मला वाटेल, इथं काय झालं ते खरं की तिथलं.”

“तसं केलेले लोक आहेत. निम्म्यांनी तेच मागितलं. पण तुमच्या पत्नीला सूचना जाईल.”

“तिला आधी सगळं सांगतो. शिकलेली आहे, समजून घेईल.”

“समजून घेणं वर मेंदूत होतं,” इनामदार म्हणाल्या. तरी त्याने सही केली.

सुकन्याने खरंच समजून घेतलं. तिने दोन वेळा नीट प्रश्न विचारले, जंतू दुसऱ्याला लागत नाही ना याची खात्री केली, आणि मग हसायलाच लागली. “लोक परमा लपवतात. तू सुट्टी टाकून आणायला निघालास!”

“पाच दिवस. मग संपलं.”

“संपू दे बाबा एकदाचं.” ती कडक भाकरी मोडून आमटीत टाकत होती. मध्येच थांबली. “केशरी दिवा लागला होता, ते मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तुला घाबरवायचं नव्हतं.”

हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं त्याने चौदा महिने सांगितलं नव्हतं, आणि ते आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही अशी त्याची समजूत होती.

जंतू सोमवारी सोडला. बुधवारी सकाळी मल्लिनाथ घरच्या धारमापकासमोर उभा राहिला. आग आता वेगळी होती, ढोबळ आणि प्रामाणिक. पिवळट पू आला होता. तो डोळ्यांनी दिसत होता, बोटाला लागत होता. सातव्या सेकंदाला दिवा लाल झाला, आणि त्याला रडू आलं. आपण खोटं बोलत नव्हतो असं कुणीतरी लेखी दिल्यासारखं त्याला वाटलं.

तासाभराने सुकन्याच्या शाळेत मधली सुट्टी होती. शिक्षकखोलीत तिचा फोन वाजला. सूचना येणार हे तिला माहीत होतं, म्हणून तिने ती चहा पितापिताच उघडली.

‘आपल्या सहवासी व्यक्तीस परमा या रोगाचा संसर्ग झाल्याचे आढळले आहे. गेल्या नव्वद दिवसांतील आपल्या सर्व शरीरसंबंधांची माहिती खालील रकान्यांत भरावी. कोणताही रकाना रिकामा ठेवू नये. संदर्भासाठी सहवासी व्यक्तीच्या मागील नोंदी सोबत जोडल्या आहेत.’

मागील नोंद एकच होती. चौदा महिन्यांपूर्वीच्या सतरा तारखेची. केशरी दिवा लागला की शंकापत्र भरायचं असतं, पण निकाल हिरवा आला तर ते कुणी वाचत नाही. त्यामुळे बहुतेक लोक ते भरतच नाहीत. मल्लिनाथने भरलं होतं. सगळे रकाने, नीट अक्षरांत.

‘संभाव्य उगम: पत्नी. आधार: दिनांक १२ ते १५, कलबुर्गी येथे प्रशिक्षणासाठी मुक्काम. प्रवासपत्र व त्यावरील मुक्कामाच्या नोंदी तपासल्या. १४ तारखेस रात्री ९ नंतर वसतिगृहात नोंद नाही.’

चौदा तारखेला रात्री ती आणि दोन शिक्षिका कुल्फी खायला गेल्या होत्या आणि वसतिगृहाच्या पहारेकऱ्याने वहीत सह्या घ्यायचा कंटाळा केला होता. सुकन्याने कप खाली ठेवला. मधली सुट्टी संपल्यावर तिने सातवीच्या वर्गाला मोसमी वारे शिकवले.

शनिवारी गोळी दिली. रविवारी संध्याकाळी दिवा हिरवा झाला. सोमवारी सकाळी मल्लिनाथ लघवी करून बाहेर आला, बूट घातले, जिना उतरला, आणि खाली पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण सात मोजले नाहीत. काही दुखत नव्हतं. टोकाशी काही नव्हतं. वृषणात काही नव्हतं. शरीराचा तो भाग इतर भागांसारखा गप्प झाला होता. येणगुरेने दुपारी विचारलं, “मालक, तब्येत बरी हाय ना? आज उठलाच नाहीत जागेवरनं.”

संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी गेला. सुकन्याने पेढा घेतला, खाल्ला नाही. फोन उघडून त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

त्याने वाचलं. आपलंच अक्षर त्याला लगेच ओळखू आलं.

“रकाना होता,” तो म्हणाला.

“म्हणून भरलास?”

“रिकामा सोडायचा नाही असं लिहिलं होतं. मी कुठं गेलो नव्हतो, सुकन्या. मला माहीत होतं मी नाही. मग उरलं कोण? दुसरं नावच नव्हतं.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “हिशेब बरोबर आहे तुझा. तुझ्या जागी कुणीही हेच लिहिलं असतं. मला रागसुद्धा नीट येत नाहीये.” तिने फोन परत घेतला. “प्रवासपत्र कधी तपासलंस? मी स्वयंपाक करत होते तेव्हा?”

“हो.”

“काय केलं होतं मी त्या दिवशी जेवायला?”

त्याला आठवत होतं. वांग्याची भाजी होती. ती वाढताना त्याने तिच्या हाताकडे पाहिलं होतं आणि ताट थोडं मागे घेतलं होतं.

तीन आठवडे दोघं नीट वागली. तिने नव्वद दिवसांचे रकाने भरून पाठवले, एकच नाव लिहून. तिचा दिवा रोज हिरवा होता. ओळखीचा जंतू दुसऱ्या शरीरात तगत नाही हे खरंच होतं. एका शनिवारी दुपारी मल्लिनाथला जाणवलं की ती तासाभरात चौथ्यांदा आत गेली आहे. ती बाहेर आली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आग होतेय,” ती म्हणाली. “नऊ दिवस झाले.”

डॉ. इनामदारांच्या केंद्रात ती पालथी झोपली आणि पडद्यावर रेषा उमटल्या. मल्लिनाथला त्या वाचता येत नव्हत्या, पण इनामदारांचा चेहरा वाचता आला.

“यांच्या आधी मी एकसष्ट लोकांना बरं केलं,” त्या म्हणाल्या. “त्यांतल्या तीस जणांनी नोंद मागितली होती. त्यांच्या बायकांना मी कधी फोन केला नाही. माझ्या प्रश्नावलीत बायकांसाठी जागाच नव्हती. काल तुमचा फोन आल्यावर केला. सतरा जणींना हेच आहे. सगळ्यांचे दिवे हिरवे.”

“पण त्यांना माहीत होतं ना? हिला सगळं माहीत होतं,” मल्लिनाथ म्हणाला.

“माहीत होतं. नवऱ्याला संसर्ग झाला असं सरकारी कागदावर वाचेपर्यंत माहीत होतं. नंतरही माहीत आहे. ते वरच राहिलं.” त्यांनी पेन बंद केलं. “पाच दिवसांत मरेल असा जंतू मी बनवला. सूचनेला मारायचं औषध माझ्याकडे नाही. हे पसरायला जंतू लागतच नाही.”

सुकन्या उठून बसली आणि पदर नीट केला. “उपचार आहे ना?”

“आहे. तोच. पण तुमची नोंद करायची नाही. तुम्ही पाच दिवस इथे राहा, घरी सूचना जायला नको. हे मी लिहून देते, सही करून देते.”

“यानं नोंदीसकट केला.”

“म्हणूनच सांगतेय.”

“त्यानं केला तो बरा झाला. पहिल्याच दिवशी. जिना उतरल्यावर लक्षात आलं म्हणे.” ती इनामदारांशी बोलत होती, पण बघत होती मल्लिनाथकडे. “माझी भीतीही त्याच यंत्रावरून आली, मॅडम. माझ्या घरच्या यंत्रावर लाल होऊन हिरवा झाला पाहिजे. नाहीतर मला खरं वाटणार नाही. हा सांगेल तुम्हाला, हा सगळ्यांना सांगतो. नोंद नाही तर काहीच नाही.”

“सुकन्या,” मल्लिनाथ म्हणाला.

“काय? तू शिकलेला आहेस. समजून घेशील.”

कायद्याने निवड रुग्णाची होती. इनामदारांनी आपला विरोध लिहून ठेवला आणि फॉर्म पुढे केला.

बुधवारी सव्वाअकरा वाजता कार्यशाळेत मल्लिनाथ एका मीटरमधून शंभर लिटर सोडत होता तेव्हा फोन थरथरला. त्याने पाणी पूर्ण जाऊ दिलं. काटा पाहिला, आकडा लिहिला, नळ बंद केला आणि मगच फोन उघडला. आपल्या सहवासी व्यक्तीस परमा या रोगाचा संसर्ग झाल्याचे आढळले आहे. ही सूचना कशामुळे आली, जंतू कुठला, तो शनिवारी कुठल्या गोळीने मरणार, हे सगळं त्याला तारीखवार माहीत होतं. त्याने स्वतःशी ते एकदा क्रमाने म्हणून पाहिलं. त्यात कुठेही फट नव्हती.

खाली रकाने होते. ‘संभाव्य उगम’ या रकान्यापाशी तो थांबला. रिकामा सोडून पुढे जाता येतं का ते त्याने करून पाहिलं. फॉर्म पुढे सरकेना. मग त्याने तिथे ‘मी’ असं लिहिलं. ‘आधार’ या रकान्यात केशरी दिव्याची ती सतरा तारीख लिहिली. यंत्राने ते बिनतक्रार घेतलं आणि सुकन्याच्या नोंदीला जोडून टाकलं.

“काय मालक, तोंड का पाडलाव?” येणगुरे म्हणाला. “मीटर फेल गेलं का?”

“पास झालं,” मल्लिनाथ म्हणाला आणि उठला.

कार्यशाळेच्या संडासात त्याने दार लावलं. धारमापकाचा दिवा पांढरा झाला. कितीतरी दिवसांनी तो पुन्हा मोजायला लागला. एक, दोन. सातव्या सेकंदाला दिवा हिरवाच लागणार होता, याबद्दल त्याच्या मनात जराही शंका नव्हती. चौथ्या सेकंदाला टोकाशी आग सुरू झाली.